दारात गवत

आमच्या सोसायटीच्या मागच्या उतारावरचं लॉन दुसऱ्यांदा करपलं, त्या चैत्रात मामा आठ दिवस आमच्याकडे राहायला होते. शीळफाट्याजवळ डोंगर कापून उभ्या केलेल्या इमारतींपैकी आमची एक. मागे मुरमाचा उघडा उतार आहे, वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. बिल्डरने ताबा देताना त्यावर कार्पेट ग्रासचे तुकडे अंथरून दिले होते. पहिल्या उन्हाळ्यात ते गेले. वर्गणी काढून पुन्हा आणले, तेही गेले. आता सभेत दोन प्रस्ताव होते: तिसऱ्यांदा लॉन, नाहीतर सगळ्यावर सिमेंट. मी तिसरा मांडला, वाळा लावू या.

संध्याकाळी चहा घेताना मामांना हे सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वाळा माठात टाकतात, बाय. दारात गवत त्याच्या वाढतं, ज्याच्या घरात दिवा लावायला कुणी उरलं नाही."

मामा शहापूर तालुक्यातले. वय शहात्तर. वयाच्या पंचविशीपर्यंत दरवर्षी गवतकापणीला गेलेले. आठ दिवस आमचा हाच वाद चालला, कधी गच्चीवर, कधी त्या उतारावरच उभं राहून. तो इथे मांडते आहे, कारण त्यातले मामांचे निम्मे मुद्दे मला आजही खरे वाटतात.

मामा : मुलगी द्यायची तर आम्ही आधी अंगण बघायचो. सारवलेलं आहे का, कडेला गवत माजलंय का. गवत काढलेलं असलं की समजायचं, या घरात हात हलतात. आणि तुम्ही पैसे घालून गवत लावणार?

मी : पैसे घालून गवत आम्ही दोनदा लावलंच की, मामा. त्याला लॉन म्हटलं म्हणून ते कुणाला गवत वाटलं नाही, एवढंच. तो रोज पाणी पिणारा गालिचा होता. उन्हाळ्यात इथे दिवसाला पाच मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आपला उतार दोनशे चौरस मीटरचा. रोजचे हजार लिटर झाले. महिन्याला तीस हजार, म्हणजे दहा हजारांचे तीन टँकर. प्यायला टँकर मागवायचे आणि त्यातलं पाणी मुरमात ओतायचं, हे मला करवत नाही.

मामा : मग लॉन नको हे मलाही पटतं. सिमेंट मारा. एकदाच खर्च. झाडायला सोपं, साप नाही, विंचू नाही.

मी : आणि पाऊस? इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला तर या उतारावर वीस हजार लिटर पाणी येतं. दोन टँकर, एका दिवसात, फुकट. सिमेंट मारलं तर ते सगळं खाली पार्किंगमध्ये धावेल. शिवाय वरच्या डोंगरातून जे मुरतं ते सिमेंटच्या मागे साठेल. पाणी निघायला भोकं ठेवली नाहीत की दोन-तीन पावसाळ्यांत थर फुगतो आणि तडकतो. या रस्त्यावर अशा फुगलेल्या भिंती तुम्हीच मला दाखवल्या होत्या.

मामा त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते उतारावर काठी टोचत उभे होते. मुरूम वरून सैल आहे का, पाणी कुठून येतं, हे बघत असावेत. मी गेले तेव्हा त्यांनी विषय दुसऱ्याच टोकाने काढला.

मामा : तुला गवत छान दिसतं, कारण तू ते कापलं नाहीस. दसरा झाला की आम्ही विळा घेऊन माळावर. पान धारेचं, बोटांना चिरा. त्या चिरांत कुसळं जायची. कापलेलं गवत वजनावर मोजायचे, मग यंत्रात दाबून त्याच्या गाठी व्हायच्या आणि त्या मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. म्हशी मुंबईच्या, गवत ठाणे जिल्ह्याचं आणि पाठ आमची.

ही बाजू माझ्या मनात आली नव्हती. बागेविषयी वाचताना गवताचे तुरे, वाऱ्यावरची लाट, संध्याकाळचं ऊन असं सगळं येतं, मजुरी येत नाही. या जिल्ह्यात गवत म्हणजे मजुरीच होती. 1945 साली वारल्यांचा जो लढा गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, त्यातली एक मोठी मागणी गवतकापणीच्या दराची होती: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि जेठ्या गांगड मारले गेले. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये तो काळ लिहिला आहे. ज्या जमिनीवर आज आपण 'लँडस्केप' करतो, तिच्या गवताचा हा इतिहास आहे. मामांना ते सुंदर वाटावं असा हट्ट धरण्याचा हक्क मला नाही, हे मी त्यांच्याजवळ कबूल केलं.

मी : पण मामा, सातबाऱ्यावर या डोंगरांच्या जमिनी काय म्हणून लागल्या होत्या?

मामा : वरकस. दुसरं काय. भात खाली, वर वरकस. कुठे नाचणी, वरी. बाकी गवत आणि राबाचा पाला.

मी : म्हणजे इमारत येण्याआधी इथे गवतच होतं. कुणी पाणी घातलं नाही, खत घातलं नाही, आणि दरवर्षी तुम्ही कापून नेलं तरी ते परत आलं.

मामा : येणारच. मूळ आत असतं. पण ते गवत तू म्हणतेस ते नव्हे. वाळा नदीकाठचा, दलदलीतला. माळावर पवन्या, शेडा, डोंगरी, मारवेल. आणि कुसळी, ती तर आमच्या धोतरावर बसून घरापर्यंत यायची. कार्तिकात डोंगरीला तुरे पिकले की सगळी टेकडी पिंगट होते. पवन्या त्याच्या आधी...

इथे ते थांबले. मी काही बोलले नाही. डोंगरीचं शास्त्रीय नाव 'क्रायसोपोगॉन फुल्वस' आणि त्यातल्या फुल्वस या लॅटिन शब्दाचा अर्थ पिंगटच, हे मी त्यांना नंतर सांगितलं. एथेलबर्ट ब्लॅटर हे मुंबईच्या सेंट झेवियर्सचे जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ आणि चार्ल्स मॅक्कॅन यांचा 'द बॉम्बे ग्रासेस' नावाचा ग्रंथ 1935 साली निघाला. त्यांनी जे गवत नमुने दाबून, वाळवून, लेबलं लावून ओळखलं, ते मामा विळ्याच्या मुठीत किती सहज आलं यावरून ओळखत होते.

वाळा नदीकाठचा, हा त्यांचा आक्षेप अचूक होता. मी त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं, तरी देताना चाचरले.

मी : बरोबर आहे, तो ओल्या जागेचा. पण त्याचं मूळ आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं. चांगल्या जमिनीत पहिल्याच वर्षी तीन-चार मीटर. म्हणून तो पुरातही उभा राहतो आणि एकदा मूळ खाली गेलं की कोरड्यातही. कर्नाटकात म्हैसूरच्या बाजूला गुंडलुपेटचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तो बांधावर लावत आले. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या जॉन ग्रीनफील्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी माती अडवण्यासाठी त्याचा पुरस्कार केला. तिथून तो जगभर गेला. थायलंडच्या राजाने स्वतः पुढाकार घेऊन तो रस्त्याच्या उतारांवर लावून घेतला. मूळ ओढून ताकद मोजली, तर सरासरी 75 मेगापास्कल भरली, साध्या पोलादाच्या साधारण सहावा हिस्सा. नाव मात्र जगाने तमिळ घेतलं, वेट्टिवेर. आपल्याकडे तो माठातच राहिला.

मामा : दरड थांबवेल म्हणू नकोस. इरशाळवाडी झाली, तळीये झालं, माळीण झालं. तिथे डोंगर आतून सुटला. गवताने तो धरला नसता.

मी : नाही धरला. तसं कुणी सांगत असेल तर ते लोकांच्या जिवाशी खेळणं आहे. वाळा वरचा थर धरतो. पावसाच्या पाण्याने पडणाऱ्या घळी, वाहून येणारा मुरूम, तेवढंच. मागचा कापलेला डोंगर उंच असेल, भेगा दिसत असतील, पाणी अचानक गढूळ येऊ लागलं असेल, तर अभियंत्याला बोलवायचं आणि घर रिकामं करायचं. आपला उतार बुटका आहे, दहा मीटरच्या रुंदीत पुरुषभर चढतो. म्हणून मी वाळ्याचं नाव घेते.

शीळफाट्याच्या भोवती आता जिकडे बघाल तिकडे कापलेला डोंगर आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बीकेसीहून निघणारा 21 किलोमीटरचा बोगदा ठाण्याच्या खाडीखालून येऊन शीळफाट्यालाच संपतो. ऐरोली-काटई रस्त्यासाठी पारसिकचा डोंगर पोखरला आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रो 12 चं काम आहे. या सगळ्याच्या कडेने घरं उभी राहतात, आणि प्रत्येक घराला एक उघडा मुरमाचा तुकडा वाट्याला येतो. त्याचं काय करायचं हा प्रश्न आमच्या एका सोसायटीचा नाही, म्हणून मी एवढं लांबवते आहे.

मामांचा पुढचा मुद्दा सापांचा होता. तो मी हसण्यावारी नेला नाही. या भागात घोणस आहे, आणि लहान मुलं अंधार पडेपर्यंत खेळतात.

मामा : साप गवतासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. उंदीर येतो तुमच्या कचऱ्यासाठी. ते खरं. पण गवत असलं की तो दिसत नाही. लपायला जागा दिलीस की येणारा थांबतो.

मी : मग काय करू?

मामा : चालायच्या वाटेपासून दोन हात लांब लाव. भिंतीला चिकटवू नको. बुडखा मोकळा ठेव, खाली वाळलेलं पान साठू देऊ नको. आणि कचऱ्याचे डबे हलव तिथून, आधी डबे.

'काय करू' म्हणून मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं, तिथे वाद खऱ्या अर्थाने वळला. त्यांचा विरोध संपला नव्हता. पण आता ते गवताविरुद्ध न बोलता माझ्या अर्धवट माहितीविरुद्ध बोलत होते, आणि त्याची मला गरज होती. आगीचंही तसंच झालं. फाल्गुनात मुंब्र्याच्या डोंगरावर वणवे दिसतात, तसं एक दिवस तुझ्या पार्किंगच्या मागे पेटेल, असं ते म्हणाले. मी म्हटलं, खोल मुळामुळे वाळा बराच काळ हिरवा राहतो. ते म्हणाले, 'बराच काळ' म्हणजे किती ते होळीला विचार; माघात कापून टाक, गुडघ्याच्या खाली. कापलेलं पान बुडाशी आच्छादन म्हणून घालायचा माझा विचार होता. त्यांनी तो मोडला: पावसाच्या तोंडावर घाल, उन्हाळ्यात नको.

देशी या शब्दावर मात्र आमचं चांगलंच वाजलं.

मामा : देशी, देशी काय लावलंयस? मिरची पोर्तुगिजांनी आणली. चिंच आफ्रिकेची, असं तूच सांगतेस. वड्यातून मिरची काढतेस का?

मी : मिरचीला आपण पाणी घालतो, तिची फळं खातो. जे लावून विसरायचं आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याला इथला हिशोब जन्मतः कळलेला हवा. चार महिने धो-धो, आठ महिने थेंब नाही. नर्सरीत मला 'फाउंटन ग्रास' दाखवलं. कारंज्यासारखे तुरे, फार देखणं. ते आफ्रिकेकडचं. हवाई बेटांवर शोभेसाठी नेलं, बी वाऱ्यावर पसरलं, आणि आज तिथे ते आग पसरवणारं तण म्हणून कुप्रसिद्ध आहे. ऑगस्ट 2023 मध्ये तिथलं लहायना शहर जळालं, शंभरावर माणसं गेली. त्या आगीला खाद्य होतं ते ओसाड पडलेल्या मळ्यांत माजलेलं बाहेरचं गवत, त्यात आपल्याकडे चाऱ्याला लावतात ते गिनी गवतही होतं. ज्याला आवर घालणारं काही इथे नाही, असं गवत मी डोंगराच्या पायथ्याशी सोडणार नाही.

मामा : आणि वाळा पसरत नाही कशावरून?

मी : त्याला आडवे धुमारे नाहीत. ठोंब जागच्या जागी जाड होतो. उत्तरेकडचा रानटी प्रकार बी धरतो, तो नाही घ्यायचा. दक्षिणेतला लागवडीचा घ्यायचा, त्याचं बी रुजत नाही. फुटवे फोडूनच तो वाढवावा लागतो.

मुलांचा प्रश्न मामांनी शेवटी काढला, आणि तिथे मी हरले. वाळ्यात मुलं खेळू शकत नाहीत. माणसाच्या उंचीचं गवत, पानाची कड खरखरीत. उताराखालचा सपाट भाग मी आराखड्यात वाळ्यालाच दिला होता. मामांनी तो खोडला आणि तिथे हरळी सांगितली, म्हणजे आपल्या दूर्वाच. तुडवली तरी मरत नाही, उन्हाळ्यात पिवळी पडते आणि पहिल्या सरीला हिरवी होते. पिवळी पडली म्हणून कुणी पाइप घेऊन धावायचं नाही, ही अट मी सभेत त्यांच्या नावाने घातली. गणपतीत दूर्वा विकत आणाव्या लागत नाहीत, हा फायदा मात्र आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आला नव्हता.

मृग लागला त्या आठवड्यात आम्ही लागवड केली. मामा आले होते. ठोंब फोडून तीन-तीन काड्यांचा एक फुटवा, वरचं पान वीतभर ठेवून छाटलेलं, मूळ चार बोटं. उताराला आडव्या चार ओळी, समान पातळीवर, दोन फुटव्यांत अर्ध्या फुटाचं अंतर. एका ओळीला एकशे तीसच्या आसपास फुटवे लागले. केवळ शोभेसाठी सुटे ठोंब हवे असतील तर दोन-तीन फुटांवर लावावेत, म्हणजे प्रत्येकाला आपला गोल आकार घेता येतो. आम्हाला मुरूम अडवायचा होता, म्हणून दाट लावले. ओळी दोरी धरून सरळ नको, पाणी भरलेल्या नळीने पातळी घेऊन आखा, हे मामांचंच. भाताची खाचरं ज्याने बांधली त्याला पाणी कुठे थांबतं हे सांगावं लागत नाही.

जुलैत पहिली मोठी झड आली, तेव्हा दोन जागी घळ पडलीच. फुटवे अजून लहान होते, मुळांनी पकड घेतली नव्हती. तिथे दगड लावून पुन्हा फुटवे घातले. इमारतीची सावली दुपारपासून ज्या टोकाला येते, तिथले साधारण तीस-चाळीस फुटवे किडकिडीत राहिले आणि दिवाळीपर्यंत गेले. वाळ्याला ऊन लागतं. हे मी वाचलं होतं आणि तरी लावले, कारण ओळ अर्धी सोडवेना. त्या टोकाला आता अबोली आहे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी दिलं, स्वयंपाकघरातलं भाजी-तांदूळ धुतलेलं. टँकरमधलं एक बादलीही नाही. यंदाच्या, दुसऱ्या उन्हाळ्यात काहीच दिलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये मुरूम आला नाही. भाद्रपदात तुरे आले, जांभळट, जवळून पाहिल्याशिवाय लक्षात न येणारे. ठिपक्यांच्या मनोल्या हरळीवर उतरू लागल्या. सुगरण मात्र अजून पान न्यायला आलेली नाही, मी वाट बघते आहे. सोसायटीतल्या दोन घरांना अजूनही हे रान वाटतं आणि पुढच्या सभेत सिमेंटचा विषय पुन्हा निघेल. त्यांना मी मामांच्या बोलण्यातलंच उत्तर देते: हात हलणाऱ्या घराचं गवत आणि ओसाड घराचं गवत यांत फरक कापणीचा असतो. आमची कापणी वर्षातून एकदा, माघात, दोन सुट्ट्यांच्या सकाळी होते. यंदा मामा त्यासाठी शहापूरहून स्वतःचा विळा घेऊन आले. वाळा दारात शोभतो असं ते अजून म्हणालेले नाहीत. जाताना त्यांनी दोन ठोंब गोणपाटात बांधून नेले, विहिरीच्या कडेला लावायला.

एका ठोंबातून वर्षाला वीस-पंचवीस फुटवे सहज निघतात आणि आमच्याकडे आता पाचशेच्या जवळपास ठोंब आहेत. शीळ, डायघर, निळजे, काटई, जिथे कुठे घरामागे मुरूम उघडा पडला असेल आणि ऊन येत असेल, तिथल्यांनी टँकर मागवण्याआधी किंवा सिमेंटवाल्याला बोलावण्याआधी एवढं करावं: जवळपास कुणाकडे वाळा आहे का ते विचारावं, मृग लागला की विळा आणि ओलं गोणपाट घेऊन त्यांच्या दारी जावं. ज्यांच्याकडे वाळा आहे त्यांनी पैसे घेऊ नयेत. आम्ही घेत नाही.